शुभेच्छुक

मारुतीनं मोबाईल माझ्यापुढे धरला. आम्ही डॉक्टर मुळगुंदांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होतो आणि आत त्याची बहीण सुमन कण्हत होती.

"बगा ताई," तो म्हणाला, "आमी बगूनच बांदलं. मनानं न्हाई केलं कायबी."

सुमन काजूच्या कारखान्यात बिया सोलायची. सकाळी कामावर जायच्या आधी ती चुलीला जळण काढायला घरामागं गेली आणि लाकडांत बसलेल्या घोणशीनं तिच्या उजव्या हाताच्या बोटाला धरलं. मारुती टेम्पो चालवणारा, चार ठिकाणी फिरणारा माणूस. गडबडून न जाता त्यानं मोबाईल काढला आणि 'साप चावला तर काय करावे' असं सर्च केलं. सगळ्यात वर जे पान आलं ते आता माझ्यासमोर होतं. हिरवागार रंग, फणा काढलेल्या नागाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत सूचना. दोन ठिकाणी करकचून बांधा. आमचा माणूस औषध घेऊन येईपर्यंत दोरी सोडू नका. दवाखान्यात नेण्याची घाई करू नका.

त्यानं मनगटाशी आणि कोपराच्या वर नायलॉनची दोरी बांधली. पानावरच्या नंबरला फोन केला, तिकडून कुणीतरी निघालोच म्हणाला. घरची सगळी माणसं दुपारपर्यंत त्या निघालेल्या माणसाची वाट बघत बसली. तो आला नाही. सुमनची बोटं जांभळी पडली तेव्हा मारुतीनं तिला टेम्पोत घातलं आणि इथं आणलं. डॉक्टरांनी आधी दोरी कापली, मग सलाईनमधून विषावरचं औषध सुरू केलं.

मी मारुतीला म्हटलं, असं होणार नाही, पहिलं पान आपल्या मंडळाचं असतं. मी माझा मोबाईल काढला आणि तेच शब्द टाकले.

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या आंबोळे गावात सर्पदंश साहाय्य मंडळ नावाची संस्था होती. डॉक्टर मुळगुंदांनी ती काढली आणि तिची वेबसाइट मी सांभाळायची. तिच्यावर मुख्य पान एकच. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी लिहिलं: बांधू नका. कापू नका. चोखू नका. चावलेला भाग हलवू नका. लगेच निघा. त्याच्याखाली आसपासच्या कुठल्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस सध्या शिल्लक आहे, ते. मी दर आठवड्याला फोन करून ती माहिती ताजी करायची. आम्ही कधी जाहिरात केली नाही. पण लोकांना हवं ते तिथं मिळायचं, म्हणून कुठलं कॉलेज, कुठलं आरोग्य खातं, कुठला सर्पमित्र आपणहून आमच्या पानाची लिंक द्यायचा. सर्च इंजिनला एवढंच लागतं. आमच्या भागातल्या कुणीही तो प्रश्न विचारला की पहिलं उत्तर आमचं यायचं, आणि लोक निघायचे.

त्या दिवशी ते पहिलं नव्हतं. दुसरं नव्हतं, दहावं नव्हतं. मी खाली खाली जात राहिले. सापाच्या स्वप्नाचा अर्थ आला, नागपंचमीच्या शुभेच्छा आल्या, नागिणीच्या सिनेमातली गाणी आली. आम्ही कुठेच नव्हतो.

डॉक्टर बाहेर आले. "विष उतरेल," ते म्हणाले. "हाताचं मात्र मला सांगता येत नाही. कोल्हापूरला न्या."

मारुतीनं विचारलं, "दोरी बांदली न्हसती तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि गाडीची सोय करायला आत गेले.

मी तडक मंडळाच्या ऑफिसात गेले. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं म्हणून उन्हाळाभर मी पुण्याला तिच्याजवळ होते आणि परवाच परत आले होते. जाताना आबा म्हणाले होते, साइटची काळजी करू नको, मी बघतो. आबा म्हणजे माझे सख्खे चुलते, दिनकरराव शिंत्रे, मंडळाचे अध्यक्ष. सापांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण गावात जे निघेल त्याचे अध्यक्ष तेच असायचे. तालीम त्यांची, वाचनालय त्यांचं, तशी आमची वेबसाइटही त्यांची.

कॉम्प्युटर सुरू करून मी आमचं पान उघडलं. वरचा मजकूर होता तसाच होता. खाली गेले आणि बघतच राहिले. जिथं पान संपायचं तिथं आता 'आमचे शुभेच्छुक' असा मोठा मथळा होता आणि त्याखाली नावंच नावं. फर्निचरवाला, साडी सेंटर, मंगल कार्यालय, ट्रॅक्टरचे सुटे भाग, केक शॉप, वधू-वर सूचक, दोन ज्योतिषी, पोल्ट्री. शेकड्यानं नावं, आणि प्रत्येक नावाला त्याच्या दुकानाच्या वेबसाइटची लिंक. हे एकाच पानावर नाही, सगळ्या पानांवर. मी त्यातल्या चार-पाच दुकानांच्या साइट उघडल्या. त्यांच्याही तळाला हीच यादी, आणि त्यात आमच्या मंडळाचं नाव.

सर्चवाले साइटच्या मालकाला जिथं निरोप ठेवतात तिथं जाऊन बघितलं. निरोप केव्हाच आलेला होता. तुमच्या साइटवर बनावट लिंकांची देवाणघेवाण आढळली, म्हणून तुम्हाला निकालातून काढलं आहे. दुरुस्ती करा आणि फेरविचाराची विनंती पाठवा. कुणी उघडूनही बघितला नव्हता. मी ती यादी काढायला गेले तर साइटनं मला आत घेतलं नाही. माझा पासवर्ड बदललेला होता. नवीन कोड अध्यक्षांच्या मोबाईलवर पाठवला आहे, असं पडद्यावर आलं.

माझं डोकं असं तापलं की छत्री ऑफिसात विसरून मी भिजत आबांच्या घरी गेले.

आबा सोप्यात बसून सुपारी कातरत होते. काकींनी मला टॉवेल दिला. मी अंगसुद्धा न पुसता म्हटलं, "आबा, खालची नावं काढायला लागतील. आजच."

"कुठली?"

"शुभेच्छुकांची. सगळी."

आबा हसले. ती नावं त्यांनी एकेका दुकानात जाऊन गोळा केली होती. कोल्हापूरच्या एका वेबसाइटवाल्यानं सगळ्या पेठेला साइट करून दिल्या होत्या आणि वर सांगितलं होतं की सगळ्यांनी एकमेकांची नावं टाका, म्हणजे सगळेच वर जाल. आबांना हे एकदम पटलं, कारण जन्मभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. तुमच्या पत्रिकेत माझं नाव, माझ्या पत्रिकेत तुमचं. त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक, शुभेच्छुक आणि चिमुकल्यांची किलबिल मिळून इतकी नावं झाली की नवऱ्या मुलाचं नाव हुडकायला लागायचं. आमच्या साइटची त्यांनी तशी पत्रिका करून टाकली होती.

"नाव गाळलं की माणूस तुटतो रेवती," ते म्हणाले. "तुझ्या बाबाचं एका पत्रिकेत राहिलं तर दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी. सख्खा भाऊ."

मी त्यांना समजावलं. लिंक म्हणजे मान नाही, साक्ष आहे. मी ज्याची लिंक देते त्याच्याबद्दल मी जगाला सांगते की हा खात्रीचा आहे. सर्च इंजिन त्या साक्षी मोजतं. सापाच्या पानावरून पोल्ट्रीला आणि ज्योतिषाला साक्ष दिली, त्यांनी उलट आम्हाला दिली, की ते म्हणतं ही सगळी खोट्या साक्षीदारांची टोळी आहे. मग आमचं खरं बोलणंसुद्धा कुणापर्यंत पोचत नाही. सुमनचं मी सांगितलं. दोरीचं सांगितलं. काकी तोंडावर पदर धरून ऐकत होत्या.

आबांनाही वाईट वाटलं. त्यांनी सुपारी खाली ठेवली. मग विचारलं, "आता काय करायला लागंल?"

"नावं काढायची. चूक झाली म्हणून लिहायचं आणि परत घ्या म्हणून विनंती करायची. साइट तुमच्या नावावर आहे, त्यामुळे ती तुमच्या नावानं जाईल. मोबाईलवर कोड येईल तेवढा मला सांगा."

"म्हणजे मी माफी मागायची."

"मंडळानं."

"मंडळाचा अध्यक्ष कोण हाय? तिकडं कुठंतरी बसलेल्या मशीनची मी माफी मागू? ह्या गावात आजवर कुणाची मागितली नाही मी."

"मशीन नाही आबा, माणसं वाचतात. आणि मशीन असलं तरी आपलं चुकलंय ना?"

"रविवारी वर्धापनदिन हाय," आबा म्हणाले. "सगळ्या शुभेच्छुकांचा सत्कार ठेवलाय, शाली आल्यात. त्याच्या तोंडावर नावं काढली तर मी लोकांना काय तोंड दाखवू? कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

"आणि तोवर कुणाला साप चावला तर?"

"तोवर काय दवाखाने बंद हायत काय?" आबा म्हणाले, आणि परत अडकित्ता हातात घेतला.

भाताची लावण चालू होती. आख्खा तालुका गुडघाभर चिखलात आणि गवतात उतरला होता. तेच सापांचे दिवस.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तरी आबांना दोन शब्द सुनवावेत अशी माझी इच्छा होती. डॉक्टर म्हणाले, दिनकररावांना दुखवून चालणार नाही, मंडळाचं ऑफिस त्यांच्या जागेत आहे, आणि आता रविवार किती लांब आहे. या माणसानं शेकडो लोकांना मरणाच्या दारातून परत आणलं होतं आणि एका म्हाताऱ्याला नाही म्हणायची त्यांची छाती होत नव्हती. मला त्या दिवशी आबांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. तो मी त्यांना बोलूनही दाखवला. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे," आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

मी फेरविचाराची विनंती लिहायला बसले. कोड मिळाला की लगेच पाठवता यावी म्हणून. अशा विनंतीत गोलमाल लिहून चालत नाही. काय केलं, का केलं, कुणाकुणाची लिंक दिली, सगळं उघड लिहावं लागतं. म्हणून मी ती यादी वरपासून वाचायला घेतली आणि एकेक लिंक उघडून बघायला लागले. फर्निचरवाला झाला, साडी सेंटर झालं. त्यानंतर एक नाव होतं, श्रीसिद्ध सर्पविष निवारण केंद्र. मी त्यावर बोट दाबलं.

हिरवागार रंग, फणा काढलेला नाग, दोन ठिकाणी करकचून बांधा.

मी हळूहळू त्या पानाच्या तळाशी गेले. तिथं लिहिलं होतं, 'आमचे शुभेच्छुक', आणि पहिलंच नाव सर्पदंश साहाय्य मंडळ, आंबोळे, प्रमुख मार्गदर्शक डॉ. मुळगुंद.

मी मारुतीला फोन लावला. तो कोल्हापूरच्या दवाखान्यात सुमनजवळ होता. मी विचारलं, "मारुती, तू ते पान खालपर्यंत बघितलं होतंस का?"

"व्हय की ताई," तो म्हणाला. "खाली डॉक्टरांचं नाव व्हतं. तवाच तर इस्वास बसला. न्हाईतर असल्या बुवाचं कोन ऐकतंय?"

मग तोच म्हणाला, "उद्या हात काडनार म्हनत्यात. कोपराच्या वरनं."

म्हणजे आमची साइट नुसती मागं पडली नव्हती. पडण्याआधी आम्ही त्या बुवासाठी साक्ष दिली होती. आमच्या सापाच्या पानानं त्याच्या सापाच्या पानाला खांद्यावर उचलून वर चढवलं, आणि पकडले गेलो आम्ही. तो अजून वरच बसला होता. मी काकींना फोन करून विचारलं की हे केंद्र कुणाचं. काकी हळू आवाजात म्हणाल्या, आपल्या व्याह्यांच्या भावकीतला महाराज आहे, व्याह्यांनी शब्द टाकला होता. आबांनी ते पान उघडून तरी बघितलं होतं का, असं मी विचारलं. काकी म्हणाल्या, "व्याह्यांचं नाव कुणी उघडून बघतं होय?"

रविवारी सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं, दरवर्षी असायचं तसं. आबांना वाटलं मी निवळले. मंगल कार्यालय भरलं होतं. स्टेजवर आबा, डॉक्टर आणि पाहुणे, समोर पहिल्या ओळीत व्याही, मागं आख्खी पेठ, आणि त्याच्याही मागून मसालेभाताचा वास. आबांनी यादी माझ्या हातात दिली. एकेक नाव वाचायचं, तो माणूस वर येणार, शाल, नारळ, फोटो.

मी वाचायला लागले. फर्निचरवाला आला आणि गेला. साडी सेंटरची शाल त्यांच्या सूनबाईंनी घेतली. मग मी तिसरं नाव वाचलं. व्याही उठले, महाराजांच्या वतीनं तेच शाल घेणार होते. कोट सारखा करत ते पायऱ्यांशी आले.

मी माईकवर म्हणाले, "जरा थांबा. यांच्या पानावर लिहिलंय, साप चावला तर करकचून बांधा. आपल्या मंडळाच्या पानावर लिहिलंय, बांधू नका. दोन्ही पानांवर आपल्या डॉक्टरांचं नाव आहे. सुमन घेवडेच्या भावानं ते नाव बघून दोरी बांधली. परवा तिचा उजवा हात कापला. आता सत्कार कुणाचा करायचा तेवढं मला सांगा."

आबांनी मान हलवली आणि साउंडवाल्यानं माईक बंद केला. मी तशीच मोठ्यानं बोलत राहिले, की त्या यादीमुळे आज आपलं पान कुणाला सापडत नाही, घरी जा आणि आपापल्या मोबाईलवर शोधून बघा. व्याही जागच्या जागी वळले आणि जोडे घालून निघून गेले. त्यांच्यामागं आबांनी दोन माणसं पळवली, समजूत काढायला. डॉक्टरांनी खांद्यावरची शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले. तेवढं मात्र त्यांनी केलं.

बाकीच्यांचा सत्कार माझ्याशिवाय पार पडला. पंगतीही उठल्या. दारात मला एक शुभेच्छुक भेटले, मिशीला मठ्ठा लागलेला. म्हणाले, "मुद्दा बरोबर हुता तुमचा, पण येळ चुकली." योग्य वेळ कुठली, असं मी त्यांना विचारलं. ते हात धुवायला गेले.

आबांनी त्या संध्याकाळी निरोप पाठवला की मी मंडळात यायचं नाही आणि त्यांच्या घराची पायरी चढायची नाही. काढलेल्या माणसाच्या हातात विनंती होती आणि अध्यक्षांच्या खिशात कोड.

चार-पाच दिवसांनी मारुती घरी आला. सुमन शुद्धीवर होती, जेवत होती, डाव्या हातानं. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, ते आपलं पान झालं का वर?" मी त्याला खरं ते सांगितलं. कशात अडलंय, कुणाच्या मोबाईलवर अडलंय. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चला."

"मला तिथं यायची बंदी आहे."

"तुमी नुस्तं मागं उबं ऱ्हावा."

मी लॅपटॉप घेऊन त्याच्याबरोबर गेले. आबा सोप्यातच होते. मारुतीनं चपला अंगणात काढल्या, पायरीशी उभा राहिला आणि कमरेत वाकून दोन्ही हात जोडले.

"आबासाहेब," तो म्हणाला, "तुमच्या मोबाईलवर एक नंबर येतोय म्हनं. तेवढा द्या. लई उपकार हुतील."

ज्याच्या बहिणीचा हात गेला तो हात जोडत होता. मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. पण नुसतं मागं उभं राहायचं मी कबूल केलं होतं, म्हणून दात आवळून उभी राहिले. आबा खुर्चीवरून उठले. त्यांनी मारुतीला धरून वर घेतलं, शेजारी बसवलं, काकींना चहा टाकायला सांगितला. सुमनची चौकशी करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. आबा वाईट माणूस नव्हते. हे मला सांगावं लागतं, याचाच मला आजवर राग येतो.

चहा झाल्यावर त्यांनी चष्मा लावला, मोबाईल हातात घेतला आणि आलेला कोड एकेक आकडा करून मला वाचून दाखवला. मी आधी नावं काढली, सगळी. मग विनंती पाठवली. तिच्यात काय लिहिलंय हे त्यांनी विचारलं नाही, नाहीतर तो कोड त्यांनी परत घेतला असता. मी निघाले तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघितलंस? असं मागायचं असतं."

ते वाक्य मी विसरलेले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

विनंती मान्य झाली, पण पान लगेच वर आलं नाही. पडायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट परत चढायला लागतो. लोक पुन्हा आपणहून आमच्या लिंका द्यायला लागले, डॉक्टरांनी नवीन माहिती लिहून दिली, मी दवाखान्यांना फोन करत राहिले, आणि हळूहळू ते दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा पहिलं झालं. मंडळाचं ऑफिस आता डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या एका खोलीत होतं आणि साइटचा कोड माझ्या मोबाईलवर यायचा. महाराजाविरुद्ध आम्ही पोलिसांत तक्रार दिली. त्यानं ते पान काढलं आणि वेगळ्या नावानं भगव्या रंगात दुसरं काढलं. ते आम्ही बंद पाडलं, तर त्यानं तिसरं काढलं. आबांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका पुढं आली. आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं तिच्यात होती, माझं सोडून. त्याचं मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटलं.

आपलं पान पहिलं आलं त्या दिवशी मी सुमनच्या घरी गेले. कारखान्यानं तिला कामावर परत घेतलं नव्हतं. एका हातानं काजू सोलून होत नाही. ती उंबऱ्यात बसून डाव्या हातानं लसूण निवडत होती. मी मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला आणि दाखवलं की बघ, आता पहिलं आपलंच येतं. तिनं ओळ न् ओळ वाचली. बांधू नका. कापू नका. डाव्या अंगठ्यानं ती पान खाली सरकवत गेली, तळापर्यंत. शुभेच्छुक होते ती जागा आता पांढरी होती.

"हितं मोकळंच हाय की," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तिथं आता कुणाचंच नाव टाकायचं नाही असं ठरवलंय."

"माजं टाका."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि परत लसणाकडे वळली. पाकळी गुडघ्याशी दाबून धरून तिनं नखानं साल काढली.

"काय लिहू?" मी विचारलं.

"सुमन घेवडे म्हनून लिवा. गाव लिवा. आन् खाली लिवा, साप चावला तवा हात जाग्यावर हुता. दोरीनं गेला."

मी तिथंच उंबऱ्यात तिच्याशेजारी बसून ते लिहिलं. ते अजून आहे.